दगडफूल हाजिर?

“पोरीचा गळा बसलाय. मिऱ्याशिवाय उघडायचा नाही.”

हे वाक्य भिंतीपलीकडून आलं आणि ते माझ्याविषयी होतं. आमचं सामान अजून ट्रकमधून उतरत होतं. शेजारच्या कुणीतरी मला नाव विचारलं होतं, मी नुसती मान हलवली होती, आणि तेवढ्यावरून हे निदान झालं होतं. थोड्या वेळानं बुटक्या भिंतीवर एक पितळी पेला अवतरला. पेल्यामागे काळी शेरवानी, आणि शेरवानीच्या वर पांढऱ्या मिशा.

“मिस्साब, गरम आहे तोवर घ्या. मिरं, ज्येष्ठमध, खडीसाखर. उद्यापर्यंत जबान खुलेल.”

मी प्याले. माझ्या गळ्याला काही झालेलं नव्हतं. मी हैदराबादला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून ‘मिस्साब’. घरात मराठी होती, पण ती आईवडिलांपुरती, आणि तीही अर्धी दख्खनी. भाषावार राज्यं झाली तेव्हा रस्ते खात्यातल्या माझ्या वडिलांनी इकडची नोकरी मागून घेतली आणि आम्ही नळदुर्गला आलो. मराठीच्या गावात आल्यावर आपण मराठी किती कमी बोललो आहोत हे माझ्या एकदम लक्षात आलं होतं.

तरी मिऱ्याला गुण आला म्हणायचा, कारण दुसऱ्या दिवशी मी बोलले. एकच वाक्य. शेजारच्या शकूनं मला मठ्ठा दिला होता. ती माझ्याच वयाची. मी पेला खाली ठेवला आणि मोठ्या धीरानं म्हणाले, “जिरा चांगला आहे.”

“जिरा! चांगला!” शकू पदरात तोंड घालून हसत सुटली. तिनं आत जाऊन ते आईला सांगितलं, आई हसली. पाणी भरायला आलेल्या बाईला सांगितलं, तीही हसली. जिरं हे ‘ते’ असतं हे मला त्या दिवशी कळलं. हळद ती, ओवा तो, लवंग ती, तमालपत्र ते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यात एकेक तो-ती-ते दबा धरून बसलेलं होतं. मी तोंड मिटून घेतलं, ते बराच काळ.

“उलटला,” शेरवानीवाले गृहस्थ भिंतीपलीकडून म्हणाले. “गळा परत उलटला. आता ओव्याची वाफ द्या.”

हे शकूचे वडील, पेशकारसाहेब.

पेशकार म्हणजे निजामाच्या राज्यात न्यायाधीशापुढे प्रकरणं मांडणारा, कागद वाचून दाखवणारा माणूस. सगळं कामकाज उर्दूत. उस्मानाबादच्या कोर्टात ह्यांच्याशिवाय पान हलत नसे, असं ते स्वतः सांगत आणि इतरही नाकारत नसत. मग निजामी गेली, कोर्टाची भाषा बदलली आणि त्यांना घरी बसवण्यात आलं. त्यांचं नाव दत्तोपंत होतं, पण त्यांची बायकोसुद्धा त्यांना पेशकारसाहेबच म्हणायची. घरी बसल्यावर त्यांना समोर जे पहिलं कार्यालय दिसलं त्यात ते शिरले. ते काकूंचं स्वयंपाकघर होतं. काकूंनी सुरुवातीला पुष्कळ विरोध केला, रुसल्या, माहेरी तामलवाडीला जाऊन राहिल्या. परत आल्या तेव्हा चुलीसमोरच्या दारात वेताची एक खुर्ची कायमची मांडलेली होती आणि तीत पेशकारसाहेब शेरवानी घालून बसलेले होते.

ती शेरवानी ते फक्त मसाल्याच्या कामाला घालत. इतर वेळी धोतर आणि बंडी. त्यामुळे तिला हिंगाचा असा वास यायचा की ते रस्त्यानं गेले तर मागे राहिलेली गायसुद्धा मान वर करून बघायची.

मिसळणाचा डबा उघडला की त्यांच्या दृष्टीनं कोर्ट भरलं.

“ही हळद, मुन्सफसाहेब. आवाज नाही, पण प्रत्येक प्रकरणात बसणार. जखम असो, खोकला असो, फैसला हिचाच. ही मोहरी, चपराशी. तडतड करून वर्दी देते. जिरं कारकून, पोटातलं तुंबलेलं काम तेच निकालात काढतं. हिंग म्हणजे कोतवाल. तो नुसता निघालाय असं कळलं तरी पोटातला वारा गल्ली सोडतो. आणि ही मेथी, म्हणजे आमच्या सासूबाई. कडू. पण गुडघे धरले की त्यांचीच याद येते.”

“माझी आय वरून ऐकतीय,” काकू चुलीपाशी म्हणायच्या.

“मग खूश असेल. तारीफच चाललीय.”

सुंठेवर त्यांचा विशेष जीव. सुंठेचा तुकडा बोटांत धरून ते माझ्याकडे वळायचे. “मिस्साब, हे एके काळी आलं होतं. रसरशीत. मग कामावरून गेलं, वाळलं, सुरकुतलं. लोकांना वाटलं संपलं. पण तासीर बघा, आल्याच्या वरताण.” एवढं बोलून ते शेरवानीचं गळ्यापाशी लोंबणारं बटण लावून घ्यायचे.

तासीर हा त्यांचा शब्द. कुणाचाही, कशाचाही गुण म्हणजे तासीर. धन्यांची तासीर थंड, म्हणून उन्हाळ्यात लघवीची आग झाली की रात्री भिजवलेल्या धन्यांचं पाणी. ओव्याची गरम, म्हणून पोटात मुरडा आला की ओवा आणि सैंधव. जेवणानंतर बडीशेप, कारण “कोर्ट उठताना सलाम करावा लागतो.” माणसांचीही तासीर ते सांगत. काकूंची गरम. शकूची मोहरीसारखी, तेल तापायच्या आत उडणारी. माझी अजून सिद्ध व्हायची होती.

पण त्यांच्या वैद्यकीला एक कुंपण होतं आणि ते त्यांनी कधी ओलांडलं नाही. “आपलं हे मुन्सफ कोर्ट. सर्दी, अजीर्ण, ढेकर, दाताचं किरकोळ. ताप उतरत नसेल, लेकरू निपचित पडलं असेल, तर ते वरच्या कोर्टाचं काम. तिथं ओवा चालत नाही.” आणि मग ते शेरवानीतच त्या लेकराच्या आईला घेऊन दवाखान्यात जायचे आणि डॉक्टरांना म्हणायचे, “खालच्या कोर्टानं कागद वर पाठवलाय, हुजूर.” डॉक्टर सोलापूरकडचे, तरुण. पहिल्यांदा चिडले. पुढे तेच, जेवून जेवून पोट फुगलेला रोगी आला की चिठ्ठी न लिहिता सांगू लागले, “हे वरचं काम नाही. पेशकारांकडे जा.”

त्यांच्या यशाचे किस्से बरेच होते, पण मला आवडायचे ते अर्धवट यशाचे.

नळदुर्गवरून सोलापूर-हैदराबादचा हमरस्ता जातो. रस्त्यावरच्या ढाब्यावर एकदा एक सरदारजी गाल धरून बसला होता. पेशकारसाहेबांनी त्याला एक लवंग दुखऱ्या दाताखाली धरायला सांगितली. माणूस दांडगा, ट्रक दांडगा. त्याला एक लवंग कमी वाटली. ह्यांची पाठ वळताच त्यानं पुडीतल्या मूठभर लवंगा तोंडात कोंबल्या. दात थांबला. त्याच्यामागोमाग जीभ थांबली, ओठ थांबले. पुढच्या नाक्यावर पोलिसानं विचारलं, कहाँ जाना है, तर सरदारजीच्या तोंडून नुसता वारा आला. पोलिसाला वाटलं, प्यालाय. ट्रकच्या क्लीनरनं येऊन सांगितल्यावर पेशकारसाहेब धावत गेले आणि त्यांनी भर रस्त्यात बाजू मांडली. “हुजूर, नशा आहे. पण दारूची नाही, लवंगेची आहे. तोंडाचा वास घ्या!” पोलिसानं वास घेतला आणि ट्रक सोडला. पुढे तो सरदारजी हैदराबादहून येताना यांच्यासाठी दालचिनी आणायचा आणि खुणेनंच विचारायचा, एकच ना?

दुसरा किस्सा जायफळाचा. शाळा तपासायला साहेब आले आणि मुख्याध्यापकांच्या घरी उतरले. नव्या जागी झोप लागत नाही म्हणाले. मुख्याध्यापकांनी पेशकारसाहेबांचा सल्ला घेतला: दुधात जायफळ, दोन वळसे उगाळून. आता वळसा केवढा, ह्यावर दोघांचं एकमत नव्हतं. साहेब रात्री झोपले, सकाळी उठवल्यावर उठले, वर्गात खुर्चीवर बसले आणि तिथं पुन्हा झोपले. पोरांना मुख्याध्यापकांनी डोळ्यांनी दटावून ठेवलं. जाताना साहेबांनी शेरा लिहिला की शाळेतली शांतता वाखाणण्याजोगी आहे.

गाव हसलं, पण पेशकारसाहेब संतापले होते. “वळसे माझे नव्हते, हेडमास्तरांचे होते. माप सोडलं की जायफळ दवा राहत नाही, गुन्हा होतो.” त्यानंतर त्यांनी जायफळ कुणाला स्वतः उगाळून दिल्याशिवाय दिलं नाही.

माझ्या गळ्याचं प्रकरण मात्र तारखेवर तारीख पडत चाललं होतं. मिरं झालं, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, वेलदोड्याची फोलपटं घातलेला चहा झाला. आई खूश होती. माझा रंग सुधारला असं तिला वाटे. “मिस्साब, आज आवाज?” ते विचारायचे. मी मान हलवायची.

काकूंकडे काळा मसाला करायचा दिवस असला की मी भिंतीवरून त्यांच्या अंगणात जाऊन बसे. भाजणं-कुटणं सुरू होण्याआधी पेशकारसाहेब खुर्चीतून हजेरी घेत.

“धने हाजिर?”

“हाजिर!” बायका एका सुरात म्हणायच्या.

“जिरं हाजिर? खोबरं हाजिर? तमालपत्र?”

“हाजिर!”

सगळ्यांत शेवटी ते माझ्याकडे वळत. “मिस्साब?” मी मान हलवायची. “मुकी हाजिरी कोर्टात धरत नाहीत,” असं म्हणून ते बोटानं हवेत एक आडवी रेघ ओढत. “गैरहाजिर.”

एकदा त्यांनी माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. झाडाच्या सालीवरून खरवडून आणल्यासारखं, करडं-काळपट, चुरमडलेलं. “दगडफूल. बघा, रंग नाही, रूप नाही. वास घ्या. काही येतो? नाही. ह्याला केरात टाकायला कुणीही तयार होईल. पण तापल्या तेलात सोडा. मग असं बोलतं की मसाल्यात दुसऱ्या कुणाचं चालत नाही. हा गवाह आहे गवाह. उगाच तोंड उघडत नाही.”

शकू म्हणाली, “आबा, म्हंजी हिला तेलात सोडायचं का?”

मी हसले. आवाज न करता.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात पेशकारसाहेबांना जबर सर्दी झाली. त्यांनी स्वतःच्याच कोर्टात सगळे उपाय केले आणि सर्दी गेली. त्यानंतर काही दिवसांनी ते आमच्याकडे आले. आईनं त्यांना सुंठेची पूड तपासायला दिली, जुनी झालीय का बघा म्हणून, आणि ती चहा टाकायला आत गेली. घाईत आईनं चुकीचा डबा दिला होता. तो वडिलांच्या पावडरचा होता. दाढी झाल्यावर लावायची, गुलाबाच्या वासाची.

पेशकारसाहेबांनी डबा नाकाशी नेला. डोळे मिटले. लांबलचक श्वास घेतला.

“जुनी आहे,” ते म्हणाले, “पण तासीर टिकून आहे. खोकल्याला चालेल.”

आईच्या पावलांचा आवाज आला. मी उठले, त्यांच्या हातातून डबा घेतला, फडताळावरचा सुंठेचा डबा त्यांच्या हातात ठेवला आणि जागेवर येऊन बसले. त्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं, फडताळाकडे पाहिलं, बोटांना लागलेली पांढरी पूड पाहिली. आई चहा ठेवून परत गेल्यावर ते हळूच म्हणाले, “मिस्साब, ही सुनावणी बंद कमऱ्यातली.”

मी मान हलवली. ह्या वेळी त्यांनी हवेत रेघ ओढली नाही.

“एकदा जबान गेली. ती सरकारनं नेली, मी तक्रार केली नाही. आता नाक गेलं, सर्दीनं नेलं. हे बाहेर कळलं तर माझी खुर्ची उचलून अंगणात ठेवतील. अंगणात बसून काय करू? कावळ्यांची हजेरी घेऊ?” ते हसले, पण चहा न पिताच उठले.

तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले. आमची पद्धत कुणी ठरवली नाही, ती पडत गेली. ते पुडी उघडून आधी स्वतः हुंगल्यासारखं करत, मग माझ्या नाकाशी आणत. “घ्या मिस्साब, गळ्याला चांगलं.” माझ्या भुवया वर गेल्या की माल ताजा. ओठ मिटले की जुना. नाक मुरडलं की भेसळ. मग ते निकाल सांगत, आणि निकाल बरोबर निघे. त्या निमित्तानं मला असे वास कळू लागले की ज्यांना माझ्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नव्हते.

शकूचं लग्न ठरलं आणि तामलवाडीहून काकूंची थोरली बहीण, बायजाक्का, आली.

बायजाक्का म्हणजे तामलवाडीची पेशकार. तिच्याकडे शेरवानी नव्हती, पण तिला तिची गरजही नव्हती. आल्या आल्या तिनं चुलीसमोरची खुर्ची पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. “काय वं दाजी, गडीमाणसानं चुलीम्होरं बसायचं? आमच्यात कुत्रं सुदिक बसत न्हाय.”

“अक्का, कुत्र्याला मसाल्यातलं कळत नाही,” पेशकारसाहेब म्हणाले.

तिथून जुंपली. दोन दिवस ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिला काहीतरी खटकत होतं. फोडणी करपली तरी दाजी गप्प कसे? खवट खोबऱ्यावर काही बोलले कसे नाहीत?

लग्नघरात येसर करावंच लागतं. धान्यं-डाळी भाजून जात्यावर दळायच्या आणि त्यात तळून कुटलेला मसाला मिसळायचा. पंगतीची आमटी ह्या येसरावर होते. पेशकारसाहेबांचं म्हणणं असं की लग्नात माणूस पोटाच्या ऐपतीबाहेर जेवतो, आणि त्याला घरी धडधाकट पोचवायची जबाबदारी येसराची. “आमटी ही दवा आहे. लोक ती आमटी समजून पितात एवढंच.”

त्या सकाळी अंगण बायकांनी भरलेलं होतं. काकू देवापाशी, शकू न्हाणीत. पेशकारसाहेब शेरवानीचं वरचं बटण लावून खुर्चीत. वडिलांची बदली झाली होती. लग्न झालं की आम्हीही निघणार होतो. त्यानंतरही मी त्यांना पाहिलं असेन, पण माझ्याजवळ उरले आहेत ते त्या सकाळचे.

बायजाक्कानं आज आधी हजेरी होऊच दिली नाही; मसाला तळून झाला, उखळात पडला. मी जात्यापाशी बसले होते आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. धने होते, जिरं होतं, लवंग, मिरं, तमालपत्र, सगळे आपापल्या जागी बोलत होते. पण त्यांच्याखाली जो धुरकट, मातकट आवाज असायला हवा तो नव्हता. मी मान वर केली. बायजाक्काच्या कमरेला पुडी खोचलेली होती आणि पुडीतून करडी टोकं डोकावत होती.

“बायांनो, गप ऱ्हावा,” ती कुजबुजत होती. “दगडफूल घातलंच न्हाय म्या. दाजींच्या नाकाची परीक्षा हाय आज. वळखलं तर म्या पाया पडंन त्यांच्या. न्हाय वळखलं तर खुर्ची आजच अंगणात. मागनं तळून घालू की, काय बिघडतंय!”

बायकांनी पदर तोंडाला लावले. बायजाक्कानं कुटलेल्या मसाल्याची परात उचलली आणि थेट खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. ती अंगानं भरलेली. तिच्याआड खुर्ची दिसेनाशी झाली. म्हणजे खुर्चीतून मीही दिसत नसणार. माझ्या भुवयांचा काही उपयोग नव्हता.

“घ्या दाजी. वास घिऊन सांगा, येसराचा मसाला झाला का?”

पेशकारसाहेबांनी चिमूट घेतली असावी. मग त्यांचा हात बायजाक्काच्या बाजूनं बाहेर आला, काहीतरी शोधत असल्यासारखा, आणि परत गेला.

“असं एका वासावर फैसला होत नाही, अक्का,” ते म्हणाले. आवाज ठणठणीत होता. “आधी हाजिरी. धने हाजिर?”

“हाजिर!” बायका हसू दाबत म्हणाल्या.

“जिरं?”

“हाजिर!”

“लवंग? मिरं? दालचिनी?”

“हाजिर!”

“दगडफूल?”

खोटं बोलायचं काम कुणालाच नको होतं. मग बायजाक्का एकटीच, खणखणीत म्हणाली, “हाजिर!”

“नक्की?”

“आता काय शपथंला बेल उचलू व्हय दाजी? हाजिर म्हंजी हाजिर!”

“ठीक. तर मग हे कोर्ट असा हुकूम देतं की...”

माझ्या डोक्यात नेहमीसारखी धांदल उडाली. दगडफूल तो, ती की ते? घातला नाही, घातली नाही, घातलं नाही? आणि त्या गोंधळात त्यांचाच शब्द हाताला लागला. तो गैरहाजिर, ती गैरहाजिर, ते गैरहाजिर. ह्या शब्दाला काहीच लावावं लागत नव्हतं. ह्याला कुणी हसू शकत नव्हतं.

मी उठून उभी राहिले. तोंडातून काहीतरी फुटलं, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

हुकूम थांबला. बायजाक्का वळून बघू लागली आणि तिच्या बाजूनं पेशकारसाहेबांचा चेहरा दिसला. मिशांना मसाल्याची पूड लागलेली होती, डोळे माझ्यावर.

“कोण बोललं?” ते म्हणाले. “कोर्टात पुटपुटलेलं लिहून घेत नाहीत. मोठ्यानं.”

“दगडफूल गैरहाजिर आहे, पेशकारसाहेब!”